आसनांचा सातबारा

"अरे, तुमच्यात ते कॉपीराइट वगैरे असतं ना? मग एकदा येऊन जा. काम आहे."

मावशीचा फोन. साल २०२४, महिना जुलै. 'तुमच्यात' म्हणजे कम्प्युटरवाल्यांत. आमच्या घरी कम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा, रेल्वेचं रिझर्वेशन काढून देणारा आणि कुणाच्या मोबाइलमधले फोटो उडाले तर परत आणणारा माणूस. त्यात आता वकिलीची भर पडली. नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली. (पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्याला जाऊ नये, हे मला कळतं. मावशीला कळत नाही, कारण ती तिथेच राहते. :-))

मावशी गेली बावीस वर्षं लोणावळ्यात योगाचा वर्ग घेते. वर्गात बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाला नुसतंच घरातून तासभर बाहेर पडायचं असतं. त्यांच्यासाठी तिने अठरा आसनं आणि तीन प्राणायाम असा चाळीस मिनिटांचा क्रम बसवला. आधी खुर्चीवरची आसनं, मग भिंतीला धरून, आणि जमिनीवरची सगळ्यात शेवटी. कारण साठीनंतर सगळ्यात अवघड आसन म्हणजे जमिनीवर बसणं आणि त्याहून अवघड म्हणजे उठणं. त्याची तिने बत्तीस पानांची पुस्तिका काढली. चित्रं माझ्या मावसबहिणीची. तळेगावच्या एका प्रेसमध्ये पाचशे प्रती छापल्या, किंमत चाळीस रुपये.

झालं असं, की तिच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने पुण्यात स्वतःचा वर्ग काढला. तीच चाळीस मिनिटं, तोच क्रम. आणि वर्गात फी भरली की हातात एक स्पायरल बाइंडिंगची वही मिळते. ती म्हणजे मावशीच्या पुस्तिकेची झेरॉक्स, फक्त मुखपृष्ठ वेगळं. मावशीच्या शेजारणीची सून त्या वर्गाला जाते, त्यामुळे वही थेट लोणावळ्यात येऊन पोचली.

"माझी आसनं चोरली रे तिने," मावशी म्हणाली. चिडलेली नव्हती. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते जास्त वाईट.

'माझी आसनं.' या दोन शब्दांत माझे पुढचे चार वीकएंड गेले. जे वाचलं, समजलं ते इथे लिहितोय. (मी वकील नाही. नोटीस आली तर वकिलाकडे जा, या पानाची प्रिंट घेऊन कोर्टात उभे राहू नका.)

आधी पाया. आपला कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. अमलात आला २१ जानेवारी १९५८ ला. त्याआधी १९१४ चा होता, म्हणजे ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यालाच इकडची टोपी घातलेली. संरक्षण कशाला मिळतं ही यादी चक्क छोटी आहे. साहित्य, नाट्य, संगीत आणि कला या चार प्रकारच्या मूळ कृती, शिवाय चित्रपट आणि ध्वनिमुद्रण. बस्स. आपण लिहितो तो कोड यातल्या 'साहित्या'त मोडतो. (हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती.) आणि नोंदणी सक्तीची नाही. तुम्ही काही मूळ लिहिलंत, काढलंत, की त्याच क्षणी हक्क तुमचा.

आता कशाला मिळत नाही? कल्पनेला नाही. पद्धतीला नाही. माहितीला, घडलेल्या गोष्टीला नाही. नुसत्या नावालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे एकदा नीट मांडून ठेवलं. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं, आणि त्यावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलला असा त्यांचा दावा होता. दोन्हींचा विषय प्रांतवाद. कोर्ट म्हणालं, विषय, कल्पना, कथाबीज, इतिहास यावर कुणाची मालकी नसते. ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असते. आनंद हरले. पुढे २०१५ मध्ये 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर अल्गोरिदम आणि कोड. क्विकसॉर्ट होअरसाहेबांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. तो तुम्ही हवा तितक्या वेळा, हव्या त्या भाषेत लिहा, कुणी विचारणार नाही. पण शेजारच्या कंपनीची सॉर्टची फाइल उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकलीत, तर तुमचं काही खरं नाही. मधली रेघ नेमकी कुठे हा वादाचा विषय, पण रेघ आहे.

ही रेघ मला पुस्तकापेक्षा लोकलच्या खिडकीतून जास्त चांगली दिसली. कामशेत गेलं की मळवली येतं. या मळवलीत एकेकाळी राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला, आणि काही वर्षांत इकडे हलवलेला. आपल्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी होती, कमळात उभी, चार हात, बाजूला हत्ती, ती अशाच छपाईतून घरोघर पोचली. आता लक्ष्मीला चार हात असावेत, ती कमळात उभी असावी, ही कल्पना रविवर्म्यांचीही नव्हती. ती परंपरेची. त्यांचं काय होतं? तो चेहरा, पदराची ती चुणी, पाण्यावरचा तो उजेड. म्हणजे ते एक चित्र. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे आज ते चित्रही सगळ्यांचं.

मळवलीलाच उतरून कार्ल्याला जाता येतं. तिथल्या चैत्यगृहाला दोन हजार वर्षं झाली, त्यावर कुणाचा कॉपीराइट असायचा प्रश्न नाही. पण तुम्ही तिथे काढलेला फोटो तुमचा. शेजारच्याने त्याच जागी उभं राहून काढलेला फोटो त्याचा. आणि लोणावळ्यात उतरल्यावर चिक्की. गूळ किती, दाणे किती, पाक कुठल्या तारेचा हे कॉपीराइटमध्ये बसत नाही. कृती लिहिलेल्या पुस्तकातला मजकूर बसतो. दुकानाच्या पाटीवरचं नाव हे प्रकरण ट्रेडमार्कचं, तो कायदा निराळा, त्यात आज शिरत नाही.

आता मूळ मुद्दा. आसनं कुणाची? हा प्रश्न विचारायला लोणावळ्याइतकी योग्य जागा नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी इथेच एका माणसाने आसनं गुरूच्या खोलीतून बाहेर काढून छापील पानावर ठेवली.

त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गुजरातेत डभोईला. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले, मग नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास यांच्याकडे योग. मधल्या काळात अमळनेरला शिक्षक होते. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखायला लागलं.

या माणसाच्या डोक्यात एक किडा होता. योगी म्हणतात की अमुक क्रियेने शरीरात तमुक होतं. पण खरंच होतं का? मोजलंय कुणी? १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलात नौली आणि उड्डियान यांवर प्रयोग करून बघितले. नौली म्हणजे श्वास सोडून पोट आत ओढायचं आणि मधले स्नायू उभ्या दोरासारखे पुढे काढायचे. (घरी करून बघू नका. मी बघितलं.) १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक. पहिल्या अंकांतच क्ष-किरणांनी केलेल्या प्रयोगांचे अहवाल आहेत. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. या पोकळीला त्यांनी गुरूचं नाव दिलं, 'माधवदास व्हॅक्यूम'.

जरा विचार करा. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत ही विद्या गुप्त ठेवावी असा उपदेश आहे. गुरू शिकवणार, तेही पात्र शिष्याला, तेही दार लावून. आणि हा माणूस दाबाचे आकडे, आसनांचे फोटो, कसं करायचं, कुणी करायचं नाही, हे सगळं इंग्रजीत छापतो. का, तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरने तो प्रयोग परत करून बघावा. आपण ज्याला 'सोर्स ओपन करणं' म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

यात कायदा कुठे आला? योगमीमांसेतल्या लेखांचे शब्द, त्यातले फोटो, आकृत्या यांना कॉपीराइट होता. पण नौली करताना दाब कमी होतो, ही वस्तुस्थिती. तिला नव्हता, नाही आणि नसेल. कुवलयानंदांना जे जगाला द्यायचं होतं, नेमकं तेच कायद्याने आधीपासून उघडं ठेवलेलं होतं.

याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे के. टी. बेहानन. हे गृहस्थ अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून १९३० च्या दशकात लोणावळ्याला आले, कुवलयानंदांकडे योग शिकले, स्वतःवर चाचण्या केल्या आणि १९३७ मध्ये योगाची शास्त्रीय परीक्षा घेणारं पुस्तक लिहिलं. शिकलेलं लोणावळ्याचं, पुस्तक बेहाननचं. कुणी कुणाचं चोरलं नाही. ज्ञान असंच एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातं. वाटेत प्रत्येक वेळी टोल भरायचा असता, तर ते घाटाच्या खाली उतरलंच नसतं.

कैवल्यधामचंच आणखी एक उदाहरण. 'हठप्रदीपिका' हा साधारण पंधराव्या शतकातला ग्रंथ, कर्ता स्वात्माराम. त्याची संपादित आवृत्ती स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी १९७० मध्ये कैवल्यधामातून काढली. स्वात्मारामांचे श्लोक सगळ्यांचे, त्यावर कुणी हक्क सांगू शकत नाही. पण त्या आवृत्तीतलं भाषांतर, टिपा, प्रस्तावना हे संपादकांचं काम, ते संरक्षित. न्यायालयांच्या निकालपत्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असंच म्हटलं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा तो खटला. निकालाचा मूळ मजकूर कुणीही छापावा, पण प्रकाशकाने त्यावर बुद्धी खर्च करून जी परिच्छेदरचना केली, ज्या टिपा लिहिल्या, त्या उचलू नयेत. नुसते कष्ट केले म्हणून हक्क मिळत नाही, त्यात थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी, हेही तिथेच सांगितलं.

म्हणजे जुन्या वस्तूवर चढवलेला नवा थर तुमचा, खालची वस्तू नाही. इथवर मावशीला समजावता आलं. पण ती हुशार. तिने बरोबर नस पकडली.

"एकेक आसन माझं नाही, कबूल. पण क्रम? तो तर मीच लावला ना? फुलं बाजारातली असली तरी हार माझा."

मी गप्प. कारण हाच युक्तिवाद एका माणसाने अमेरिकेत केला होता, कोट्यवधी डॉलर पणाला लावून.

बिक्रम चौधरी. मूळचे कलकत्त्याचे, विष्णुचरण घोष यांचे शिष्य. अमेरिकेत जाऊन त्यांनी सव्वीस आसनं आणि दोन श्वसनप्रकार यांचा नव्वद मिनिटांचा क्रम लोकप्रिय केला. खोलीचं तापमान चाळीस अंश सेल्सिअस. (आपण एप्रिलमध्ये चिंचवडला फुकट करतो ते.) १९७९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढे त्यांनी सांगायला सुरुवात केली, की हा क्रम माझा आहे, माझ्या परवानगीशिवाय कुणी शिकवायचा नाही. योगशिक्षकांना नोटिसा जायला लागल्या. तेव्हा काही शिक्षकांनी एकत्र येऊन २००३ मध्ये त्यांच्याविरुद्ध दावा ठोकला. त्यांच्या संघटनेचं नाव काय असावं? 'ओपन सोर्स योगा युनिटी'! वाचल्यावर खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. त्या वेळी कोर्ट पूर्णपणे त्यांच्या बाजूने गेलं नाही. २००५ मध्ये न्यायाधीश म्हणाले की आसनांच्या मांडणीला संरक्षण असूही शकेल. मग दोन्ही पक्षांनी तडजोड केली आणि प्रश्न लटकलेलाच राहिला.

तो सुटायला आणखी दहा वर्षं लागली. आधी २०१२ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जाहीर केलं, की आसनांची नुसती निवड आणि मांडणी आम्ही नोंदवून घेणार नाही. मग बिक्रम यांच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या 'इव्होलेशन योगा' या संस्थेविरुद्धच्या खटल्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला. हा क्रम म्हणजे आरोग्य सुधारण्याची एक पद्धत आहे. पद्धतीवर कॉपीराइट नसतो. क्रम कितीही विचार करून लावलेला असो, दिसायला कितीही सुंदर असो. पुस्तक बिक्रम यांचं, पुस्तकात सांगितलेला व्यायाम सगळ्यांचा.

या निकालाचं मूळ कुठे आहे माहितेय? हिशेबाच्या वहीत. चार्ल्स सेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १८५९ मध्ये जमाखर्च लिहिण्याची नवी पद्धत सांगणारं पुस्तक काढलं, सोबत रकाने आखलेले नमुने. पुढे बेकर नावाच्या माणसाने तशाच धर्तीच्या आखलेल्या वह्या विकल्या. १८७९-८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पुस्तक सेल्डनचं, पण त्या पद्धतीने हिशेब कुणीही लिहावा. पद्धतीची मक्तेदारी पाहिजे असेल तर पेटंटच्या खिडकीत जा, तिथे ती नवी आहे हे सिद्ध करा, आणि मिळालं तर काही वर्षांपुरतंच मिळेल. कॉपीराइट सहज मिळतो आणि खूप वर्षं टिकतो, म्हणून त्यात पद्धत घुसवू द्यायची नाही. मला हा तर्क फार पटला. जे फुकट आणि न विचारता मिळतं, ते आखूडच असलं पाहिजे.

आणि भारतात? तोच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात आला, प्राणिक हीलिंगच्या निमित्ताने. संस्थापकांच्या पुस्तकांवर हक्क असलेल्या संस्थेचं म्हणणं होतं, की ही तंत्रं आमच्याशिवाय कुणी शिकवू नयेत. जानेवारी २०१४ मध्ये न्यायमूर्ती मनमोहन सिंग यांनी ते नाकारलं. पुस्तकांतल्या लेखनाला संरक्षण आहे, पण पुस्तकात सांगितलेली क्रिया करणं, शिकवणं म्हणजे पुस्तकाची नक्कल नव्हे. आसनं म्हणजे नृत्यरचना, म्हणून ती नाट्यकृतीत बसवा, हेही त्यांनी मानलं नाही.

तिकडे पेटंटच्या आघाडीवर सरकारने वेगळा उपाय केला. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथालय प्रकल्प सुरू झाला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांतलं जुन्या ग्रंथांतलं ज्ञान नोंदवून परदेशी पेटंट कार्यालयांना दाखवायचं, की बघा, हे आमच्याकडे आधीपासून आहे, नवं म्हणून कुणाला देऊ नका.

चौथ्या शनिवारी मी हे सगळं कागदावर उतरवून मावशीकडे गेलो. तीन मुद्दे लिहिले होते.

एक. तुझी आसनं आणि तुझा क्रम ती शिकवू शकते. तू काही करू शकत नाहीस.

दोन. तुझ्या पुस्तिकेची पानं झेरॉक्स करून ती वाटू शकत नाही. नोंदणी केली नव्हतीस तरी हक्क तुझाच. तू थांबवू शकतेस.

तीन. चित्रं तुझी नाहीत. ताईने काढली, पैसे न घेता काढली, म्हणून ती ताईची. (यावर स्वयंपाकघरातून "ऐकलंस का आई!" असा आवाज आला.)

मावशीने कागद दोनदा वाचला. मग पुस्तिका आणून माझ्यासमोर ठेवली. "मग हे पण सांग," म्हणाली, आणि पान अकरा उघडलं.

पान अकरावर उज्जायी प्राणायाम. मावशीने कपाटातून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढलं. कुवलयानंदांचं 'प्राणायाम', जे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा आलं. पाठ घट्ट शिवलेली, कडा पिवळ्या. तिने एका पानावर बोट ठेवलं. मी वाचलं. पुन्हा पुस्तिकेचं पान वाचलं. मावशीचं पान अकरा म्हणजे त्या पानाचं ओळीला ओळ भाषांतर होतं.

"इतकं छान लिहिलंय रे त्यांनी. मला वाटलं यापेक्षा चांगलं मी काय लिहिणार. नावही नाही टाकलं मी."

खोलीत शांतता. बाहेर पाऊस. आता मला हिशोब करावा लागला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. (पूर्वी पन्नास वर्षं होती. टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ च्या शेवटी त्यांचं सगळं खुलं होणार होतं. तेव्हा घाईने वटहुकूम निघाला आणि १९९२ मध्ये साठ झाली.) कुवलयानंद गेले एप्रिल १९६६ मध्ये. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाची साठ वर्षं भरतात ३१ डिसेंबर २०२६ ला. आम्ही बोलत होतो ऑगस्ट २०२४ मध्ये. आणि भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच असतो.

थोडक्यात, त्या पुण्याच्या बाईंनी मावशीचं केलं, तेच मावशीने एका पानापुरतं दुसऱ्याचं केलं होतं. मला सांगायला फार जड गेलं. तिलाही ते मी सांगायच्या आधीच कळलं होतं, नाहीतर तिने ते पुस्तक काढलंच नसतं.

"उज्जायी शिकवायचा नाही का मग?"

"उज्जायी शिकव ना! तो त्यांचाही नव्हता. त्यांचे शब्द घेऊ नकोस. तू वर्गात कसं सांगतेस?"

"वर्गात मी हे वाचतच नाही. त्या बायकांना कळणार आहे का ते? मी सांगते, झोपलेल्या बाळाच्या घशातून येतो ना, तेवढाच आवाज येऊ दे. त्याच्यावर नको."

"मग तेच लिही की."

तिने पंधरा दिवसांत पान अकरा नव्याने लिहिलं. जुन्या पुस्तिकेच्या उरलेल्या शंभरेक प्रती बाजूला ठेवल्या. नवी आवृत्ती निघाली, त्यात शेवटच्या पानावर कुणाकडून काय शिकले याची यादी आहे, कैवल्यधामची पुस्तकं सगळ्यात वर. चित्रांखाली ताईचं नाव आहे. कायद्याने ऋणनिर्देश केला म्हणून उचलेगिरी माफ होत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कायद्यासाठी नाही लिहिलं ते."

पुण्याच्या बाईंना तिने स्वतः पत्र लिहिलं. मला मसुदा करू दिला नाही. एवढंच, की वही वाटणं बंद कर, पाहिजे तर माझी पुस्तिका घे, चाळीस रुपये. वर्ग चालू ठेव. आणि गुडघा बदललेल्या बायकांना सातवं आसन देऊ नकोस, ते पुस्तिकेत लिहायचं राहिलं होतं. वही बंद झाली. वर्ग चालू आहे. मावशीला अजूनही थोडं लागतं, तिने ते लपवलेलं नाही. बावीस वर्षांत सुचलेला क्रम दुसऱ्याच्या वर्गात नावाशिवाय चालतो, याचं औषध कायद्यात नाही. आणि का नाही, हे समजलं म्हणून लागायचं थांबतं असंही नाही.

परतीच्या लोकलसाठी ती स्टेशनपर्यंत सोडायला आली. मावळात आता जिकडे बघाल तिकडे प्लॉटिंगच्या पाट्या, आणि घरोघरी सातबाऱ्याच्या गोष्टी. एका पाटीकडे बघत मी म्हटलं, "काय आहे मावशी, आसनांचा सातबारा कुणाच्याच नावावर निघत नाही."

"गायरान आहे म्हण की," मावशी म्हणाली. "मीही त्याच्यावरच चारली बावीस वर्षं."

लोकल आली. चिक्कीचा पुडा तिने हातात कोंबला. कृती विचारली नाही.